चाळ पडण्याआधी तिचे कागद उतरवून घ्या

मुंबईत डिलाईल रोडच्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या) चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमच्या गावकीची, म्हणजे गावातल्या सगळ्यांची सामायिक, खोली होती. १६० चौरस फुटांची. गिरण्या तिन्ही पाळ्यांत चालायच्या त्या काळात तिथे वीस-पंचवीस माणसं राहायची. दिवसपाळीचा उठला की त्याच वळकटीवर रातपाळीचा आडवा व्हायचा. पुनर्विकासासाठी खोली रिकामी करून द्यायची वेळ आली तेव्हा आम्ही चार-पाच जण सामान काढायला गेलो. भाडेपावत्या, वीजबिलं, जुन्या रेशनकार्डाच्या नकला एका पिशवीत आधीच बांधून ठेवल्या होत्या. त्या नव्या घराच्या पात्रतेला लागणार, म्हणून कुणी त्यांना हात लावू देत नव्हतं. मग माळ्यावरून एक पत्र्याची पेटी खाली आली. तिच्यात आमच्या गावकऱ्यांच्या मंडळाच्या सभांच्या वह्या होत्या, वर्गणीची पावतीपुस्तकं होती, पूजेच्या छापील पत्रिका होत्या आणि गावच्या शाळेच्या कौलांसाठी पाठवलेल्या मनीऑर्डरींच्या पावत्या होत्या. यातलं काहीच कुठल्या अर्जाला जोडायच्या उपयोगाचं नव्हतं. रद्दीवाला दारात उभा होता आणि किलोचा भावही ठरला होता.

पेटी मी घरी आणली. त्यानंतरचे काही महिने त्या वह्या वाचण्यात गेले, आणि माझं एक मत पक्कं होत गेलं. स्वातंत्र्यानंतरच्या मुंबईचं राजकारण आणि समाज समजून घ्यायची सगळ्यात भरवशाची साधनं आत्ता, याच वर्षांत, टेम्पोत भरून रद्दीत चालली आहेत. पुनर्विकासाला माझा विरोध नाही. १६० फुटांतून ५०० फुटांत जाणाऱ्या माणसाला जुन्या चाळीच्या आठवणींचे उमाळे कुणी ऐकवू नयेत. वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना २०२५ च्या ऑगस्टात चाव्या मिळाल्या तेव्हा मलाही आनंदच झाला. मागणी एवढीच आहे की चाळ पडण्याआधी तिचे कागद नोंदवून, उतरवून घेण्याची जबाबदारी सरकारने आणि विद्यापीठाने घ्यावी. माणसांची पात्रता तपासायला जर घरोघर कर्मचारी जातात, तर त्याच फेरीत हेही होऊ शकतं.

हे एवढ्या तळमळीने का म्हणतोय ते सांगतो.

महाराष्ट्राचा १९४७ नंतरचा अभ्यास झालाच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. य. दि. फडक्यांसारख्या इतिहासकाराने आयुष्य घातलं त्यात. नववीच्या इतिहासाच्या पुस्तकातही आता स्वातंत्र्योत्तर भारत आहे. राज्याच्या राजकारणाची जी सर्वमान्य गोष्ट सांगितली जाते ती बरीचशी खरीही आहे. १९५० च्या सुमारास प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला, १९६० ला राज्य झालं, १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, आणि कारखाना, बँक, जिल्हा परिषद या साखळीतून ग्रामीण नेतृत्व घडलं. विदर्भ आणि मराठवाडा वेगळ्या वाटेने आले, त्यांचे हिशेब वेगळे, हेही आता बऱ्यापैकी लिहिलं गेलंय. पण या गोष्टीत मुंबई बसत नाही. तिथे ऊस नाही, जमीन नाही. मग मुंबईपुरती दुसरी एक गोष्ट सांगितली जाते आणि ती एका वाक्यात संपते: गिरणगाव लाल होता, तो भगवा झाला, म्हणजे आधी कम्युनिस्टांचा, मग शिवसेनेचा.

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. ते तपासून पाहायचं तर नुसत्या निवडणुकांचे निकाल ओळीने मांडले तरी पुरे. १९६७ ला परळमधून कम्युनिस्ट पक्षाचे कृष्णा देसाई आमदार झाले. १९७० च्या जूनमध्ये त्यांचा खून झाला. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी उभ्या राहिल्या आणि शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले, सेनेचे पहिले आमदार. इथे बहुतेक लोक पुस्तक मिटतात. पण ती निवडणूक थोडक्या मतांची होती, म्हणजे जवळपास निम्मा मतदार देसाईंच्या घराबरोबर राहिला होता. पुढे १९७४ च्या जानेवारीत याच पट्ट्याचा मोठा भाग असलेल्या लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली, आणि निवडून आल्या रोझा देशपांडे, कम्युनिस्ट पक्षाच्या. १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास कामगार दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले. आणि १९८४ च्या अखेरीस, इंदिरा गांधींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट असताना, दक्षिण मध्य मुंबईने सामंतांना लोकसभेत पाठवलं.

लाल, भगवा, पुन्हा लाल, मग सामंत. मतदारसंघांच्या सीमा वेगळ्या होत्या, विधानसभा आणि लोकसभा एका तराजूत घालता येत नाहीत, हे सगळं मान्य. तरीसुद्धा माणसं तीच होती, खोल्या त्याच होत्या. गिरणीत एका झेंड्याची युनियन, नाक्यावर दुसऱ्या झेंड्याची शाखा, संपाला तिसरा पुढारी, आणि १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्यामुळे मालकाशी बोलायचा अधिकार मात्र चौथ्याच संघाकडे, राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे. गिरणीतला हा माणूस स्वतःच्या मनात या सगळ्याचा मेळ कसा घालत होता? नेत्यांच्या चरित्रांत याचं उत्तर मिळत नाही, कारण प्रत्येक नेत्याला तो आपलाच वाटत होता.

पेटीतल्या पूजेच्या पत्रिकांनी मला पहिला धागा दिला. दरवर्षी मंडळाची सत्यनारायणाची पूजा व्हायची आणि हळदीकुंकवाच्या रंगाच्या कागदावर पत्रिका छापली जायची. साठच्या दशकाच्या सुरुवातीच्या पत्रिकांत प्रमुख पाहुणे युनियनचे. सत्तरच्या आसपास तिथे शिवसेनेच्या शाखेतल्या माणसाचं नाव येतं. मी तेवढंच पाहिलं असतं तर ‘लाल होता, भगवा झाला’ म्हणून मोकळा झालो असतो. पण पत्रिकेच्या खालच्या भागात अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार यांची नावं असतात, आणि ती बारा वर्षं बदललेली नाहीत. पाहुणा बदलला, बोलावणारे तेच राहिले. दोन वर्षी तर दोघेही पाहुणे एकाच पत्रिकेत आहेत, एक सायंकाळी पाचला, दुसरा साडेसातला. मंडळाला शाखेकडून काय हवं होतं ते सभेच्या वहीत लिहिलेलं आहे: नळाचं पाणी, मोरीची दुरुस्ती, दोन मुलांना नोकरीसाठी शब्द. युनियनकडून काय हवं होतं तेही आहे: बदली कामगारांना कायमचं तिकीट. एकाच सभेत दोन्ही ठराव, एकाखाली एक.

यावरून मी सिद्धान्त मांडायला बसलेलो नाही. एका पेटीवरून गिरणगावाची गोष्ट सांगणं म्हणजे एका शितावरून पंगतीचा अंदाज करणं. शेजारच्या चाळीत कदाचित उलट घडलं असेल, तिथे चिटणीसच शाखेचा झाला असेल. म्हणूनच पेट्या पाचशे हव्यात, हजार हव्यात. गुहागर, खेड, राजापूर, संगमेश्वर, साताऱ्याकडचे पाटण आणि जावळी, पुण्याकडचे जुन्नर आणि आंबेगाव, ज्या ज्या तालुक्यांतून माणसं गिरणीत आली त्यांच्या गावोगावच्या मंडळांची अशी एकेक पेटी कुठे ना कुठे माळ्यावर आहे. निदान होती.

यावर मला नेहमी सांगितलं जातं की जुनी माणसं अजून हयात आहेत, त्यांच्या मुलाखती घ्या. घ्याव्यातच. गिरणगावातल्या माणसांच्या आठवणींवर चांगलं काम झालेलं आहे. पण आठवण आणि वही यांच्यात काय फरक असतो ते मला माझ्याच घरात कळलं.

संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. माझे वडील गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. ते शेवटपर्यंत सांगायचे की मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं, हे काही आता मिटत नाही. आम्ही भावंडांनी ते वाक्य त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की आमच्यासाठी संपाचा इतिहास तोच झाला. पेटीतल्या वहीत त्या जूनमधल्या सभेचं इतिवृत्त आहे. हजर फक्त नऊ, कारण बाकीचे लावणीला गावी गेलेले. ठराव असा की महिन्याची वर्गणी तूर्त थांबवावी, यंदाची पूजा दिवाळीनंतर धरावी, तोवर संप मिटलेला असेल, आणि मग राहिलेली वर्गणी दुप्पट घेऊन भरून काढावी. खाली सह्या. तिसरी सही वडिलांची.

ती सही पाहून मी बराच वेळ तसाच बसलो. वडील खोटं बोलत नव्हते. हरलेल्या माणसाला मागे वळून पाहताना आपण मूर्ख नव्हतो एवढं तरी हवं असतं, आणि आठवण त्याला ते देते. पण जूनमध्ये ते दिवाळीची पूजा ठरवत होते. त्या नऊ माणसांचा तो विश्वास समजल्याशिवाय संप एवढा का टिकला हे कुणालाच समजणार नाही. भात लावायला गाव होतं, धान्य गावाहून यायचं, आणि दिवाळीपर्यंतचा अवधी त्यांना पेलण्यासारखा वाटत होता. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत कापडधंद्याच्या ऱ्हासाची कारणं सापडतील, यंत्रमाग, कृत्रिम धागा, गिरण्यांच्या जमिनीचे भाव. ही जूनमधली आशा मात्र फक्त वहीत सापडते. दिवाळीनंतरच्या पानावर पूजेचा उल्लेख नाही. त्यानंतरची सभा थेट १९८३ ची आहे. संप मागे घेतल्याची रीतसर घोषणा कधी झालीच नाही, तशी ती वहीतही कुठे नाही.

वह्यांत जे नाही तेही बोलतं. अख्ख्या पेटीत एका बाईची सही नाही. आणि तरी त्या खोलीतल्या माणसांना रोज जेवू घालणारी बाईच होती, दोन चाळी सोडून राहणारी खानावळवाली. महिन्याचे पैसे पगार झाल्यावर. संपाच्या काळात तिच्या वहीत काय लिहिलं गेलं असेल? कुणी किती दिवस उधार जेवलं, तिने कुणाला कधी नाही म्हटलं, दुकानदाराने तिला किती दिवस धान्य दिलं? संप लढवला कुणी याच्या याद्या आपल्याकडे आहेत. तो पोसला कुणी याचा हिशेब खानावळीच्या वह्यांत होता. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं, म्हणून निदान त्यांची सार्वजनिक नोंद तरी राहिली. त्यांच्या उधारीच्या वह्या मात्र मी अजून कुठल्याही संग्रहात पाहिलेल्या नाहीत.

आणि दुसरी गैरहजेरी अधिक बोचणारी. आमच्या मंडळाच्या यादीत गावातल्या सगळ्या वाड्या आहेत, बौद्धवाडी नाही. गाव एक, एसटीचा थांबा एक, मुंबईत मात्र त्यांची खोली वेगळी आणि मंडळही वेगळं. वरळी आणि नायगावच्या बीडीडी चाळींत १९७४ च्या जानेवारीत दंगल पेटली. दलित पँथरला तेव्हा जेमतेम दोन वर्षं होत होती. रोझा देशपांडे निवडून आल्या त्याच पोटनिवडणुकीवर पँथरने बहिष्कार पुकारला होता. १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव मारले गेले. आमच्या वहीत त्या महिन्यात एक सभा झालेली आहे. विषय आहे गावच्या पालखीच्या दुरुस्तीचा. दंगलीचा एक शब्द नाही. चार-पाच इमारतींपलीकडे स्वतःच्याच गावची माणसं दगड झेलत होती आणि आमच्या माणसांनी पालखीचे पैसे मोजले. मला याची लाज वाटते आणि ती लिहून ठेवायला हवी असं वाटतं. पण लाज वाटणं म्हणजे अभ्यास झाला असं होत नाही. त्यासाठी बौद्धवाडीच्या मंडळाची वही आमच्या वहीशेजारी ठेवून वाचायला हवी. गावात जी दोन टोकं होती ती मुंबईत कितपत जवळ आली, कारखान्यात एका खात्यात काम करून खोलीवर परतल्यावर काय व्हायचं, हे एका वहीतून कळायचं नाही.

सरकारी दप्तरावर विसंबून राहावं म्हटलं तर तिथेही परिस्थिती अवघड आहे. राज्याचा सार्वजनिक अभिलेख कायदा २००५ चा आहे. कायदा चांगला आहे. पण २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा फायलींचे किती गठ्ठे गेले ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. आणि जे दप्तर सुरक्षित आहे ते सरकारच्या नजरेतून लिहिलेलं. पोलिसांच्या टिपणात चाळ म्हणजे जमाव असतो. ज्याच्यावर हे राज्य उभं आहे त्या संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचा आकडासुद्धा कुठे १०५, कुठे १०६, कुठे १०७ असा छापला जातो. ज्या चाळींतून ती माणसं फ्लोरा फाउंटनला गेली त्या चाळींच्या वह्या त्याच वेळी कुणी गोळा केल्या असत्या तर हा घोळ राहिला नसता.

आक्षेप एक खरा आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवं. या वह्यांत माणसांच्या खाजगी गोष्टी आहेत. कुणी वर्गणी बुडवली, कुणाला दारूपायी खोलीतून काढलं, कुणाच्या बायकोने मंडळाकडे तक्रार केली. त्या माणसांची नातवंडं त्याच जागेवरच्या नव्या टॉवरमध्ये राहणार आहेत. म्हणून माझं म्हणणं असं की मूळ वही मंडळाकडे किंवा घरातच राहावी. पानांचे फोटो काढून प्रत संग्रहात ठेवावी, संमती लेखी घ्यावी, आणि नावं असलेला भाग ठरावीक वर्षं अभ्यासकालाही नाव झाकूनच द्यावा. हे करता येतं. अवघड आहे ते वेळेत करणं.

१९६९ च्या कायद्याने दुरुस्तीसाठी उपकर लागू झालेल्या मुंबईतल्या जुन्या इमारती १९,६४२ होत्या. बीडीडीच्या २०७ वेगळ्या. उपकरप्राप्तांतल्या कितीतरी आता राहिलेल्या नाहीत, उरलेल्या रांगेत आहेत. पुनर्विकासाच्या करारनाम्यात भाडं, कॉर्पस, पार्किंग, सगळ्याची कलमं असतात. ‘स्थलांतरापूर्वी इमारतीतल्या मंडळांच्या व रहिवाशांच्या इच्छेने कागदपत्रांची छायाचित्रं घेतली जातील’ हे एक कलम म्हाडाने त्यात घालावं. खर्च किती? एका इमारतीला दोन मुलं, एक टेबल, एक चांगला कॅमेरा आणि आठवडा. परळ, दादर, लालबागच्या महाविद्यालयांत राज्यशास्त्र आणि इतिहास शिकणारी मुलं आहेत, त्यांतली कित्येक याच चाळींत वाढली आहेत. त्यांना प्रकल्प म्हणून अजूनही भारतीय संविधानाची वैशिष्ट्यं लिहायला देतात, जी इंटरनेटवरून उतरवली जातात. त्याऐवजी प्रत्येकाला एक इमारत द्या. प्रती ठेवायला १८९८ पासून चालत आलेलं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, कलिन्याला विद्यापीठ आहे, राज्याचं पुराभिलेख संचालनालय आहे. मंडळांपैकी जी नोंदणीकृत आहेत त्यांचे बदल अर्ज आणि हिशेब वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात असतात. तेही अभ्यासकाला सहज पाहता यायला हवेत.

आणि हे काम मराठी माणसाने करायचं आहे. बढाई म्हणून हे म्हणत नाही, अडचण म्हणून म्हणतोय. या वह्यांतलं मराठी छापील मराठी नाही. ‘सदर इसमास समज देण्यात आली’ या सरकारी वळणाच्या वाक्यापाठोपाठ ‘तो काय ऐकाचा नाय’ असं थेट बोलीत लिहिलेलं असतं. हिशेबात ‘पेढे व इतर’ असतात, आणि त्या ‘इतर’मध्ये वॉर्डातल्या कुणाला दिलेले पाच रुपये असतात, हे घरातल्या माणसालाच कळतं. बाहेरून आलेला अभ्यासक कितीही मेहनती असला तरी त्याला हे समजावून सांगणारं कुणी तरी लागणार. मदनपुऱ्यातल्या उर्दू वह्या, कामाठीपुऱ्यातल्या तेलुगू वह्या, गोवेकरांच्या कुडांतल्या (गावागावांच्या सामायिक खोल्यांतल्या) कोंकणी आणि पोर्तुगीज वह्या, त्यांच्यासाठी त्या त्या भाषेतली माणसं लागतील. मुंबईचा अभ्यास म्हणजे फक्त गिरणगावाचा अभ्यास हेही मला मान्य नाही. मी माझ्या खोलीपासून सुरुवात केली आहे, एवढंच.

गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज भरले गेले तेव्हा लोकांनी लाल पास, तिकीट, भविष्य निर्वाह निधीच्या चिठ्ठ्या, हजेरीचे कागद कुठून कुठून शोधून काढले. तीस वर्षं गावच्या घरात तांदळाच्या डब्यात ठेवलेला लाल पास मी स्वतः पाहिला आहे. ज्या कागदाला घर मिळण्याची आशा चिकटली तो कागद आपल्या लोकांनी जीव लावून सांभाळला. म्हणजे सांभाळता येत नाही ही सबब खरी नाही.

बौद्धवाडीच्या मंडळाच्या चिटणिसांना मी दोनदा भेटून आलो. पहिल्यांदा त्यांनी चहा दिला आणि विषय काढू दिला नाही. दुसऱ्यांदा मी आमची १९७४ ची वही बरोबर नेली आणि पालखीचं पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, आमच्याकडेही त्या महिन्याची सभा आहे. वही पेटीत आहे, पेटीची किल्ली खजिनदाराकडे, आणि तो गावी घर बांधतोय. एप्रिलात जयंतीला मुंबईत येतो. त्यांच्या इमारतीला खोल्या रिकाम्या करण्याची नोटीस लागली आहे, तारीख मार्चची.